गाभ्यावर घडवलेली अत्तरकुपी निवताना का तडकते?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काचमणी करण्याचा हात बसलेला आहे. प्राचीन इजिप्त आणि ग्रीसमधल्या, गडद निळ्या अंगावर पिवळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघा असलेल्या अत्तरतेलाच्या कुप्यांचे फोटो पाहिले आणि तशी एक करून बघायची आहे. सळईच्या टोकावर कुंभारकामाच्या मातीचा गाभा (काच चढवून झाल्यावर आतून कोरून काढायचा तो आकार) केला, भाजला, त्यावर काच गुंडाळली, भट्टीत हळूहळू निववली. पाचांपैकी चार कुप्या उभ्या तडकल्या. पाचवी टिकली, पण आतली माती निघेना. मग कुठेतरी वाचलं की मूळ गाभा वाळूचा असायचा, म्हणून वाळू घेतली, तर गाभा उभाच राहिला नाही. आणि प्रश्न असा की गाभ्याचं खरं मिश्रण कोणतं?

मिश्रण सांगतो. पण त्याआधी एवढं ध्यानात घ्या की चार कुप्यांचा तडा आणि पाचवीची न निघणारी माती या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. दोन्हींचं मूळ एकच : गाभा नको तेवढा पक्का झाला. गाभा म्हणजे साचा नव्हे. काच गरम असेपर्यंत तिला आकारात धरायचं आणि ती आवळू लागली की मुकाट्याने चुरायचं, एवढंच त्याचं काम. कुंभाराची माती नेमकी उलट वागते : भाजली की कडक होते आणि कडकच राहते.

आकड्यांत बघू. तुमच्याकडच्या १०४ प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते त्याचं माप) सोडा काचेच्या कांड्या धरू. ही काच साधारण ४९० अंशांच्या खाली गेली की तिच्यातली लवचीकता संपते. तिथून खोलीच्या तापमानापर्यंत येताना ती सुमारे ०.४८ टक्के आकसते. भाजलेली माती तेवढ्याच उतारात ०.२५ ते ०.३ टक्के आकसते. म्हणजे ३० मिलिमीटर व्यासाच्या कुपीत काचेला जेवढं आत यायचंय त्यापेक्षा गाभा जवळपास ०.०६ मिलिमीटरने मोठा राहतो. केसाएवढं अंतर, पण काच ताणाला फार कच्ची आहे. एवढ्या फरकाने येणारा ताण तिच्या नेहमीच्या ताकदीच्या दुपटीहून जास्त भरतो. हा ताण गोलाकार असल्यामुळे तडा त्याला आडवा, म्हणजे गळ्यापासून तळापर्यंत उभा जातो. तुमच्या चारही कुप्या उभ्या फुटल्या त्या यामुळे. निववण्याचा वेळ कितीही वाढवला तरी हा तडा टळणार नाही, कारण तो घाईमुळे येत नाही, आतल्या अडथळ्यामुळे येतो.

आता वाळूचं. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१-९२ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे उत्खनन केलं, काचकामाचे तुकडे-चुरा पाहून ही पद्धत कशी असावी ते मांडलं, आणि 'वाळूचा गाभा' ही कल्पना बऱ्याच अंशी तिथून रूढ झाली. पुढे कुप्यांच्या आत चिकटून राहिलेले अवशेष तपासले गेले तेव्हा चित्र वेगळं दिसलं : चिकणमाती, तिच्यात वाळू, शेण किंवा वनस्पतींचे तंतू, आणि कित्येक ठिकाणी काचेला लागून चुनखडीयुक्त पातळ थर. नुसत्या वाळूला बांधणारं काही नसतं. ओली असेपर्यंत ती पाण्याच्या जोरावर उभी राहते, पाणी उडालं की बसते. तेव्हा तुमचा हात चुकला नाही, माहिती अर्धी होती.

शेणमातीचं कोडं आपल्याकडे कुणाला वेगळं समजवावं लागू नये. धातूचं ओतकाम करणारे साच्याच्या मातीत शेण आणि भाताचं तूस घालतात ते त्याच कारणासाठी : जळणारं जळून जातं, मागे भोकं राहतात, वायूला वाट मिळते आणि माती ठिसूळ राहते.

मी सुचवीन ते प्रमाण, सगळं सुकं आणि मापाने : चाळलेली चिकणमाती १ भाग, बारीक वाळू १.५ भाग, सुक्या शेणाचा चुरा २ भाग. घोड्या-गाढवाच्या लिदीत तंतू लांब असतात, त्यामुळे गाभा सुकताना कमी भेगाळतो. गाईचं शेण जास्त पचलेलं आणि बारीक. ते वापरलंत तर त्यात मूठभर कापलेला काथ्या किंवा तूस टाका. गोवरी कुटून चहाच्या गाळणीतून काढली तरी चालते. पाणी घालून मळा आणि मिश्रण निदान दोन दिवस झाकून मुरू द्या. ताजं मिश्रण सळईवरून घसरतं.

हे प्रमाण कायमचं नाही. ते तुमच्या मातीवर ठरतं. काळी कपाशीची माती सुकताना इतकी आकसते की ती या कामाची नाहीच. लाल माती चालते, पण तिच्यातल्या लोहाचे तांबूस डाग काचेच्या आतल्या अंगाला लागतात. पांढरी चिनी माती सगळ्यांत सोयीची. माती चिकट असेल तर वाळू वाढवा. वाळू भरड असेल तर तिचे कण काचेत रुततात, म्हणून ती कापडातून चाळा. आणि हे सगळं करताना तोंडाला चांगला मास्क हवा. वाळूची आणि मातीची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते.

पहिल्या प्रयत्नाला १० सेंटिमीटरची कुपी नको. ५ सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड अंगाचा गाभा करा. सळई ३ ते ४ मिलिमीटरची, स्टेनलेस स्टीलची. इथे एक बारकी गोष्ट पुष्कळ जण विसरतात : तापताना सळईही फुगते. ४ मिलिमीटरची सळई ६०० अंशांनी तापली की सुमारे ०.०४ मिलिमीटर जाड होते आणि काच लागायच्या आधीच गाभा आतून फोडते. म्हणून गाभा चढवण्यापूर्वी सळईवर वर्तमानपत्राच्या कागदाचा एक वेढा द्या. तो जळतो आणि तेवढी मोकळीक मिळते. पण मग गाभा सळईवर गरगरा फिरू नये म्हणून सळईचं टोक हातोड्याने किंचित चपटं करा, आणि शेवटचा सेंटिमीटर कागदाविना ठेवा. चपटा भाग गळ्याच्या भोकातून बाहेर येईल एवढाच रुंद हवा.

आकार देताना तळ गोल ठेवा. जिथे कोपरा, तिथे काच पातळ होते. गळ्याचा भाग सळई धरून निदान ८ मिलिमीटर जाड असू द्या. नंतर माती कोरायला जी काडी जाणार ती याच भोकातून. सावलीत तीन-चार दिवस सुकवा, भेगा पडल्या तर त्याच मिश्रणाच्या पातळ लेपाने बोटाने बुजवा. शेवटी बाहेरून चुनखडीच्या बारीक पुडीचा पाण्यात कालवलेला लेप द्या, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मणी सळईवरून सुटावा म्हणून तुम्ही तिला जो लेप लावता तोही चालेल. हा थर काचेला मातीशी एकजीव होऊ देत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र इथे नको. ज्योतीत ते फुटतं आणि त्यातून निघणारा वायू काचेत बुडबुडे करतो.

मग भाजणी. ११० अंशांवर दोन तास, पुढे तासाला १०० अंश या गतीने ६५० पर्यंत, तिथे एक तास. २५० ते ४५० अंशांच्या दरम्यान शेण जळताना भरपूर धूर होतो, तेव्हा भट्टी उघड्यावर ठेवा आणि दार किंवा वरचं भोक किंचित उघडं राहू द्या. हवा आत गेली नाही तर शेण जळत नाही, नुसता कोळसा होतो. हा उरलेला कोळसा आणि कुठेतरी दडलेला ओलावा काच लागल्यावर वायू सोडतो. काचेच्या आतून वर आलेले बुडबुडे आणि फुटलेल्या फोडासारखे खड्डे दिसले तर दोष काचेत शोधू नका, भाजणी अपुरी आहे.

एक गाभा निव्वळ चाचणीसाठी फोडा. आतून बाहेरपर्यंत एकच करडा-तपकिरी रंग हवा, मधे काळं दिसता कामा नये. नखाने ओरखडा उठायला हवा आणि बोटांत दाबला तर कड भुरभुरली पाहिजे. तरीही वीतभर उंचीवरून टेबलावर पडला तर तुकडे व्हायला नकोत. नख उमटलं नाही तर माती जास्त झाली. उचलतानाच झडू लागला तर शेण जास्त झालं.

आता काच. ती घरी वितळवून बनवायची गरज नाही, आणि कांड्या विकत घेणं म्हणजे फसवणूक, असंही वाटून घेऊ नका. इ. स. पू. १४व्या शतकाच्या अखेरीस तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे बुडालेल्या जहाजात कच्च्या काचेच्या सुमारे १७५ लाद्या मिळाल्या, गडद निळ्या आणि फिरोजी वगैरे. काच बनवणारा एकीकडे आणि कुपी घडवणारा दुसरीकडे, ही वाटणी तेव्हाही होती.

लागणाऱ्या काचेचा हिशेब आधी करा. ५ बाय २ सेंटिमीटरच्या गाभ्याचं पृष्ठफळ साधारण ३४ चौरस सेंटिमीटर. त्यावर अडीच मिलिमीटर थर म्हणजे साडेआठ घन सेंटिमीटर, वजनात २१ ग्रॅम. कडा आणि कान धरून ३० ग्रॅम काढून ठेवा. गाभा दिसत नसल्यामुळे थराची जाडी डोळ्यांना कळत नाही, काट्यावर कळते. कांड्या आधी आणि नंतर तोला.

गाभ्यावर काच कशी चढवत असत याबद्दल तीन मतं आहेत : वितळलेल्या काचेत गाभा बुडवून, गरम काचेची धार गाभ्यावर गुंडाळून, किंवा काचेच्या पुडीत लोळवून ती वितळवून. तिन्हींनी कुपी बनते, प्रयोगांत बनलेल्या आहेत. सगळीकडे, सगळ्या शतकांत एकच रीत असेल असं मानायचं कारणही नाही. दीड हजार वर्षांचा मामला आहे : मेसोपोटेमिया आणि उत्तर सीरियात इ. स. पू. १६व्या शतकाच्या सुमारास सुरुवात, पुढच्या शतकात इजिप्त, मधे मोठा खंड, मग इ. स. पू. ६व्या शतकापासून भूमध्य समुद्राभोवती पुन्हा भर, आणि फुंकून काच करण्याची कला आल्यावर इ. स. १ल्या शतकाच्या आरंभी शेवट. टॉर्चवर काम करणाऱ्याला मात्र निवड सोपी आहे. बुडवायला खोल मूस लागते, पुडीत बारीक बुडबुडे राहून काच धुरकट दिसते. तुम्ही गुंडाळा.

आणि इथे तुमच्या कामातला दुसरा दोष येतो, जो तुम्ही लिहिलेला नाही पण तडकलेल्या एका कुपीच्या वर्णनात दिसतो : 'तळाजवळ एक आडवी चीरही होती.' जुने कारागीर भट्टीच्या तोंडाशी बसत, अख्खी कुपी तापत असे. टॉर्चची ज्योत चार-पाच सेंटिमीटर रुंद. तुम्ही गळ्याशी काम करता तेव्हा तळ गार पडत असतो. पुन्हा ज्योत तळाकडे नेली की गार काचेला एकदम आच बसते आणि आडवी चीर जाते. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. निववणभट्टी शेजारी ५२० अंशांवर तयार ठेवा. गाभा तिथूनच गरम काढा, दर दोन-तीन मिनिटांनी कुपी पुन्हा आत ठेवा, आणि ज्योतीत असताना दर १०-१५ सेकंदांनी संपूर्ण अंगावरून एक फेरी मारा. ५ सेंटिमीटरच्या कुपीला हे साधतं. १० सेंटिमीटरच्या कुपीला एका टॉर्चवर जवळपास साधतच नाही. म्हणून छोटी करा म्हटलं.

गुंडाळायला तळापासून सुरुवात करा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढू द्या आणि कांडी अशी धरा की गरम काच मागच्या वेढ्याकडे ढकलली जाईल. दोन वेढ्यांमधे नाळीसारखी पोकळी राहिली तर अडकलेली हवा पुढे नक्षीच्या वेळी फुगून वर येते. थर पुरा झाला की काच मऊ करून ग्रॅफाइटच्या पाट्यावर हलक्या हाताने लोळवा. दाबू नका, कुपीच्या वजनानेच पृष्ठभाग सपाट होतो. दाबलंत तर गाभा आतल्या आत चुरतो आणि कुपी लंबगोल होते.

नक्षीसाठी काचेच्या दीड मिलिमीटरच्या दोऱ्या आधीच ओढून ठेवा. पण त्याआधी रंग एकमेकांशी जुळतात का ते बघा. दोन रंगांचे तुकडे शेजारी-शेजारी जोडून वितळवा आणि त्यांची एकत्र हातभर बारीक तार ओढा. निवल्यावर तार सरळ राहिली तर जोडी जमते, धनुष्यासारखी वाकली तर नाही. फिरोजाबादच्या बांगड्यांची किंवा बाटलीची काच १०४ प्रसरणांकाच्या इटालियन कांड्यांबरोबर वापरणाऱ्यांनी ही चाचणी टाळूच नये. न जुळणाऱ्या काचेचा तडा नेमका दोरीच्या कडेने जातो, कधी आठवड्यानंतरही. जुना पिवळा रंग शिसं आणि अँटिमनीचा, पांढरा कॅल्शियम आणि अँटिमनीचा. ते घरी बनवायचे नाहीत, तयार अपारदर्शक कांड्या मिळतात. शिशाचा पिवळा आणि तांब्याचा फिरोजी धुरकट, ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत काळे-तांबूस पडतात, तेव्हा नक्षीच्या वेळी ऑक्सिजन थोडा जास्त ठेवा.

दोरी गोल गुंडाळली, तिला अंगात अर्धी मुरू दिली, की ओढायची वेळ. इथे सगळा खेळ तापमानाचा. वरचा मिलिमीटर मऊ आणि खालचं अंग ताठ, अशी स्थिती काही सेकंदच असते. काच ज्योतीतून काढल्यावर झळाळी लाल-नारिंगी होते, दोरी वाहत नाही, पण सुई टेकवली की रुतते, तो क्षण. जास्त गरम असेल तर दोरी फुगून रेघ जाड होते आणि सुईला काच चिकटते. गार असेल तर ढलपा उडतो. सुई खालून वर एकाच दिशेने ओढली तर कमानी बनतात. एक वर, एक खाली अशी आळीपाळीने ओढली तर पीस किंवा नागमोड. अंतर सारखं यावं म्हणून घड्याळाच्या बारा-तीन-सहा-नऊ अशा चार रेघा आधी ओढा, मग मधल्या जागा भागा. ओढणीनंतर अंगावर उभ्या पन्हळी उमटतात. जुन्या कित्येक कुप्यांवर त्या तशाच ठेवलेल्या दिसतात, दोष म्हणून घासू नका. इ. स. पू. ६व्या-५व्या शतकांतल्या कुप्यांची नेहमीची मांडणी हवी असेल तर नागमोड फक्त पोटाच्या मधल्या पट्ट्यात ठेवा आणि वर-खाली साध्या आडव्या दोऱ्या. पुडीही वर्ज्य नाही : ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तचा राजा थुटमोस तिसरा याचं नाव असलेला छोटा काचेचा चंबू आहे, त्यावरची नक्षी आणि अक्षरं काचेची पूड वितळवून काढलेली आहेत.

कड आणि कान शेवटी. कडेला एक जाड वेढा पुरे. कान लावताना कुपीवरची जागा आणि कानाची काच दोन्ही लाल हव्यात, नाहीतर जोडाखाली नखाएवढी चंद्रकोर चीर राहते. पहिल्या कुपीला कान नकोतच.

निववताना ५१५ अंशांवर दोन तास ठेवा. अडीच मिलिमीटरच्या काचेला एरवी याहून कमी पुरलं असतं, पण आतला गाभा उष्णता धरून बसतो आणि आतलं अंग बाहेरच्या मागे राहतं. मग तासाला ३० अंशांनी ३७० पर्यंत, तिथून भट्टी बंद करून ५० अंशांखाली येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. सळई आतच असू द्या. स्टेनलेस स्टील काचेपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे निवल्यावर ती सहसा हलकं पिळून निघते.

गाभा काढायला कुपी रात्रभर पाण्यात बुडवा. मिश्रण बरोबर असेल तर गळ्यातली माती लाकडी काडीने सुटते. पुढे टोक वाकवलेली मऊ तांब्याची तार घ्या, लोखंडी नको. आतला ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. कोरणं कायम ओल्यातच, धूळ उडता कामा नये. चुनखडीचा थर चिकटून राहिला तर साधं व्हिनेगर भरून काही तास ठेवा. खांद्याच्या आत, जिथे तार वळत नाही, तिथे थोडी माती राहते. राहू द्या. जुन्या कुप्यांचा आतला भागही खडबडीत आणि मातकट असतो.

तुमची ती न निघणारी पाचवी कुपी अजून असेल तर तिच्यावर जोर करू नका. त्या गाभ्याची वीट झाली आहे. पाण्याने ती सुटणार नाही, आणि काच आधीच ताणाखाली आहे. ती तशीच वेगळी ठेवा, शक्यतो हाताळू नका. चार फुटलेल्यांचे तुकडे मात्र बघा : तड्याच्या कडेवर एक गुळगुळीत, आरशासारखा छोटा भाग दिसेल, तिथून तडा निघाला. तो आतल्या अंगाला असेल तर गाभा, दोरीच्या कडेला असेल तर न जुळणारी काच, आणि तळाच्या आडव्या चिरेत बाहेरच्या अंगाला असेल तर ज्योतीचा झटका.